सभापतीचा पक्ष

ज्या गृहस्थाची राजकीय मते साऱ्या गावाला ठाऊक आहेत, त्याने वादसभेच्या अध्यक्षस्थानी बसावे की न बसावे, असा प्रश्न सध्या आमच्या इंझोरीच्या तरुण मंडळींपुढे उपस्थित झाला आहे. सभेचा विषय ‘विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे काय?’ हा आहे. विषय जुना खरा, पण वऱ्हाडात तो अद्याप शिळा झालेला नाही. एकाच घरात थोरले बंधू वेगळ्या विदर्भाचे आणि धाकटे अखंड महाराष्ट्राचे, अशी कुटुंबे वाचकांच्या आप्तवर्गातही असतील. मंडळींनी अध्यक्ष म्हणून ज्यांचे नाव सुचविले ते विद्वान आहेत, वक्तशीर आहेत आणि वेगळ्या विदर्भाचे उघड पुरस्कर्तेही आहेत. दुसऱ्या बाजूच्या मुलांनी तेवढ्यावरून हरकत घेतली. ही हरकत पोरकट म्हणून उडवून लावणारे काही वडीलधारे मला भेटले. मला मात्र ती विचार करण्याजोगी वाटली, म्हणून ह्या महिन्याचे सदर तिला देत आहे.

पहिला उपाय सर्वांस सुचतो तो असा, की ज्याला कोणतेच मत नाही असा मनुष्य शोधावा. पण वऱ्हाडात जन्म घालवून ज्याने ह्या प्रश्नावर मत बनविले नाही, त्याला एक तर विषय कळत नसला पाहिजे, किंवा मत झाकून ठेवण्यात तो निष्णात असला पाहिजे. पहिल्या जातीच्या अध्यक्षाला वक्ता विषय सोडून बोलतो आहे हेच उमजावयाचे नाही. दुसऱ्या जातीचा त्याहून अवघड. आपले पूर्वज ह्या बाबतीत आपल्याइतके भाबडे नव्हते. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी परस्परांशी वाद कसा करावा ह्याचे सविस्तर विवेचन आहे. तेथे परिषदेचे प्रथम ज्ञानवती आणि मूढा असे दोन भेद केले असून, त्यांपैकी प्रत्येकीचे पुन्हा सुहृद्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट, म्हणजे स्नेहाची, तटस्थ आणि आधीच विरुद्ध होऊन बसलेली, असे तीन प्रकार सांगितले आहेत. ह्या शेवटल्या प्रकारच्या परिषदेत, मग ती ज्ञानी असो की मूढ असो, कोणाशीही वाद करू नये असा स्पष्ट निषेध आहे. ज्ञान असूनही सभा वाकडी असू शकते, हे चरकाने गृहीतच धरले आहे.

मत झाकणारा मध्यस्थ अवघड का, हे पाहावयाचे तर कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’चा पहिला अंक काढावा. गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य आपणांत श्रेष्ठ कोण ह्यावरून भांडत राजाकडे येतात. राजा अग्निमित्र स्वतः निकाल देत नाही. आपण एकट्याने निकाल दिला तर राणी धारिणीला त्यात पक्षपात दिसेल, असे म्हणून तो राणीला आणि तिच्याबरोबर पंडिता कौशिकीला बोलावतो. कौशिकी ही परिव्राजिका. अंगावर काषाय वस्त्रे, संसाराशी संबंध तुटलेला, विद्वत्ता सर्वमान्य. हिच्याहून निःपक्षपाती मध्यस्थ कोठे मिळावयाचा? आणि बाई बोलतात तेही शास्त्राला धरूनच. नाट्य हे प्रयोगप्रधान शास्त्र आहे, सबब आचार्यांनी तोंडाने न भांडता आपापल्या शिष्यांचे प्रयोग दाखवावेत. पात्रांनी वेषभूषेचा भार घेऊ नये, म्हणजे सर्वांगाचे सौष्ठव नीट दिसेल. ह्यांतील एकही शब्द खोडून काढता येण्याजोगा नाही. परंतु हे सारे भांडण विदूषकाने घडवून आणलेले असते, ते गणदासाची शिष्या मालविका राजाच्या दृष्टीस पडावी एवढ्याचसाठी; आणि बाई त्या बेतात सामील असतात. राणीला संशय येतो, नाही असे नाही. पण भगव्या वस्त्रांवर पक्षपाताचा आरोप ती कोणत्या तोंडाने करणार? पुढे नाटकाच्या अखेरीस ही परिव्राजिका मूळची आमच्या विदर्भाचीच, मालविकेच्याच माणसांपैकी, हेही उघडकीस येते. ज्याचा कल राणीला ठाऊक होता त्या राजाला एकट्याने निकाल देण्याची छाती झाली नाही. जिचा ठाऊक नव्हता तिने सर्वांदेखत काम फत्ते केले.

ह्याच्या उलट गोष्ट प्रत्येक घरात आजीने सांगितलेली असते. शंकराचार्य आणि मंडनमिश्र ह्यांच्या वादात मध्यस्थ कोण, तर उभयभारती, म्हणजे मंडनमिश्रांची धर्मपत्नी! शिवाय पणही केवढा: जो हरेल त्याने जिंकणाऱ्याचा आश्रम स्वीकारावा. म्हणजे पती हरला तर तो संन्यास घेऊन घराबाहेर पडणार. इतका जवळचा हितसंबंध उघड असूनही आचार्यांनी हरकत घेतली नाही. ‘शंकरदिग्विजया’तील ह्या कथेला इतिहास म्हणावे की न म्हणावे हा वाद येथे नको. उभयभारतीने दोघांच्याही गळ्यात माळ घातली, ज्याची माळ कोमेजेल तो हरला असे सांगितले, आणि ती आपल्या गृहकृत्यांना लागली. लोक ही गोष्ट माळेच्या चमत्कारासाठी सांगतात. मला तीत दुसरेच काही दिसते. आपण कोणाची पत्नी आहोत हे तिने लपविले नाही. पण निकालाची खूण तिने आपल्या मनात न ठेवता, सर्वांना दिसेल अशी वादींच्या गळ्यात ठेवली. पुढे पतीची माळ कोमेजल्यावर ‘मी ह्यांची अर्धांगी आहे, मलाही जिंका’ असे ती म्हणते, तेव्हा ती मध्यस्थ उरलेली नसते. आसन सोडूनच ती वादाला बसते. आजकाल दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर रोज रात्री ज्या वादसभा भरतात, त्यांत पाहुण्यांना प्रश्न विचारणारा, त्यांना मध्येच थांबविणारा, त्यांच्याशी भांडणारा आणि शेवटी निकाल सांगणारा, असा एकच इसम असतो. त्याचा पक्ष कोणता ह्याची चर्चा पुष्कळ होते; त्याने एकाच वेळी चार आसने अडविली आहेत ह्याची फारशी होत नाही.

आता इतिहासातले उदाहरण घेऊ. १९०७ ची काँग्रेस वस्तुतः नागपुरास भरावयाची होती. तेथे जहालांचे बळ मोठे, स्वागतमंडळात तंटे माजलेले, म्हणून मवाळ पुढाऱ्यांनी अधिवेशन सुरतेस नेले. २६ डिसेंबर रोजी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी ह्यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. अध्यक्षपदासाठी डॉ. रासबिहारी घोष ह्यांचे नाव मांडले गेले, आणि अनुमोदनासाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहताच असा गलका उसळला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी ह्या सूचनेवर आपणास उपसूचना मांडावयाची आहे असे मालवींना चिठ्ठीने कळविले. चिठ्ठीला उत्तर आले नाही. राहिलेली भाषणे झाली, घोष निवडून आल्याचे जाहीर झाले, आणि टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. मालवी आणि घोष ह्या दोघांनीही त्यांचे बोलणे नियमबाह्य ठरविले. टिळक जागचे हालेनात. पुढचे सर्वश्रुत आहे. खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, आणि कोणाचा तरी दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथांना चाटून फिरोजशहा मेहतांवर जाऊन आदळला. आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या बाजूने तेथे होतेच, त्यामुळे वऱ्हाडातील जुन्या घरांत ही हकीकत पुढे कित्येक वर्षे मोठ्या चवीने सांगितली जात असे.

मालवी कोणत्या पक्षाचे, हे पहिल्या दिवसापासून उभ्या मंडपाला ठाऊक होते. त्यांचे मवाळपण हे त्या अनर्थाचे मूळ आहे असे मला वाटत नाही. हाती आलेली चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचून दाखविली असती आणि ‘अमुक कारणासाठी मी ही नामंजूर करतो’ एवढे शब्द उच्चारले असते, तर जोडा पायातच राहिला असता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या दिवशी माथी फारच तापलेली होती. परंतु मग भांडण त्या कारणाशी झाले असते. कारण चूक होते की बरोबर, हे आज आपणही तपासू शकलो असतो. उत्तरच न दिल्यामुळे दोन्ही पक्षांनी काढलेली परस्परविरुद्ध निवेदने तेवढी मागे राहिली.

म्हणून आमच्या मुलांना मी सांगितले, की अध्यक्ष बदलू नका, अध्यक्षाच्या हातातले काम कमी करा. त्यांनी आरंभीच आपले मत एका वाक्यात सांगून टाकावे आणि मग सभा उठेपर्यंत विषयावर अवाक्षर काढू नये. समारोपाचे भाषण तर नकोच. (आमच्या भागात समारोपाचे भाषण मुख्य भाषणांहून लांब असते, तेव्हा हीच अट सर्वांत जड जाणार.) घड्याळ आणि घंटा अखंड महाराष्ट्रवाल्या मुलाकडे असावी. आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचून दाखवावी, मग ती मंजूर होवो वा न होवो. आणि उत्तम वक्ता कोण हे ठरविणे अध्यक्षांकडे मुळीच नसावे. सभा चालविणारा मनुष्य क्षणोक्षणी सर्वांच्या डोळ्यांपुढे असतो. त्याने एकाला सहा मिनिटे दिली आणि दुसऱ्याला चार, तर शेवटच्या ओळीतले पोरही ते मोजते. निकाल देणाऱ्याचे काम मनात चालते, आणि तेथे मोजणारा कोणी नसतो. एकत्र कुटुंबात वाटणीची बैठक थोरले काका चालवितात, त्याला कोणी हरकत घेत नाही. पण वाटे थोरल्याने पाडले तर पहिला वाटा उचलावयाचा धाकट्याने, ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी उगीच घातली नाही.

ज्या विषयावर आमची सभा भरावयाची आहे, त्याच्याच इतिहासात ह्याचा एक दाखला आहे. वेगळ्या विदर्भाची शिफारस १९५५ मध्ये ज्या राज्यपुनर्रचना आयोगाने केली, त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती फाजल अली. त्यांचा बिहारशी दीर्घकाळ संबंध होता. त्यामुळे बिहार आणि पश्चिम बंगाल, तसेच बिहार आणि ओरिसा, ह्यांच्यामधील सीमावादांची चौकशी व निर्णय ह्यांत त्यांनी भाग घेतला नाही, आणि तसे अहवालातच नमूद करून ठेवले. आयोगाचे अध्यक्षपद मात्र त्यांनी सोडले नाही, व तसे करण्याचे कारणही नव्हते.

अध्यक्षाने पक्ष सोडलाच पाहिजे की काय, ह्या प्रश्नाशी सर्वांत अधिक काळ झुंजलेला मराठी मनुष्य म्हणजे दादासाहेब मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, वास्तव्य अहमदाबादचे. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे. लोकसभेच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे होते ते शेतकरी कामकरी पक्षाचे शंकरराव मोरे. मावळंकरांस ३९४ आणि मोऱ्यांस ५५ मते पडली. इंग्लंडात अध्यक्ष झालेला सभासद पक्ष सोडतो. मावळंकरांनी तसे केले नाही. आपण काँग्रेसचे आहोत हे त्यांनी लपविले नाही. सभागृहात मात्र सर्व पक्षांना सारखे लेखण्याचे वचन दिले. त्यांच्या आधी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात १९२५ साली निवडून आलेले विठ्ठलभाई पटेल ह्यांनी स्वराज्य पक्षापासून अलग होऊन काम केले, आणि तरीही १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षेच्या बिलावर समसमान मते पडताच सरकारच्या विरुद्ध निर्णायक मत दिले. सरकारधार्जिण्या लोकांना त्यात जुना स्वराज्यवादी दिसला. पक्ष सोडल्याने संशय सुटतो असे नाही, हे त्यावरून ध्यानात येईल. मावळंकरांच्या बाजूने सांगण्याजोगी गोष्ट ही, की वटहुकूम काढण्याची सरकारची सवय लोकशाहीला शोभत नाही असे त्यांनी काँग्रेसच्याच मंत्रिमंडळाला पत्रांतून स्पष्ट बजावले होते.

तरीही १८ डिसेंबर १९५४ रोजी लोकसभेत त्यांना दूर करण्याचा ठराव चर्चेला आला. तहकुबीच्या सूचना ते नाकारतात, विरोधकांना न्याय मिळत नाही, अशी तक्रार होती. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सभासदांना ह्या प्रश्नावर पक्षाचा आदेश नसून त्यांनी मोकळेपणाने मत द्यावे असे सांगितले. ठराव नापास झाला. पण त्या दिवशी अध्यक्षस्थानी मावळंकर नव्हते, उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार होते. कारण राज्यघटनेच्या ९६ व्या कलमाप्रमाणे अध्यक्षाला दूर करण्याचा ठराव चालू असता त्याला त्या आसनावर बसता येत नाही. सभासद म्हणून बोलता येते.

ही काळजी आपल्या कायद्याने पुढे सर्वत्र घेतली नाही. १९८५ च्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्षांतर केलेल्या सभासदाला अपात्र ठरविण्याचे काम अध्यक्षाकडे गेले. म्हणजे सभा चालविणाऱ्याच्याच हाती निकालही आला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे परिशिष्ट तीन विरुद्ध दोन अशा मताने उचलून धरले. अल्पमतातील दोन न्यायमूर्तींचे म्हणणे असे होते, की ज्याचे पद बहुमताच्या पाठिंब्यावर टिकते त्याला स्वतंत्र न्यायाधीश म्हणता येत नाही. आपल्या विधानसभेत शिवसेनेच्या दोन गटांचा तंटा अध्यक्ष राहुल नार्वेकर ह्यांच्यापुढे गेला, आणि १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी शिंदे गटाला खरा पक्ष ठरवून दोन्हीकडील कोणाही आमदाराला अपात्र केले नाही. तो निकाल योग्य की अयोग्य, ह्यावर वाचकांच्या घरी दोन तट असतील, आणि ते ह्या सदराने मिटावयाचे नाहीत. परंतु निकालपत्र बाहेर येण्यापूर्वीच आमच्या पारावरची मंडळी तो काय येणार हे सांगत होती, आणि सांगताना कायद्याचे एकही कलम त्यांनी काढले नव्हते.

त्याच परिशिष्टात अध्यक्षासाठी एक सवलत आहे. निवड झाल्यावर त्याने आपल्या पक्षाचा राजीनामा दिला तर तेवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही, आणि पद सोडल्यावर त्याला पुन्हा पक्षात जाता येते. नीलम संजीव रेड्डी ह्यांनी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष होताच काँग्रेसचा राजीनामा दिला, तेव्हा अशी कोणतीही सवलत नव्हती.