"एक महिना आधी सांगितलं की झालं" हे डोक्यातून काढा!

मस्कत, सोहार, सलालाच्या आईबाबांनो, आज जरा कडक बोलणार आहे. राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचा.

गणपतीत, वाढदिवसाच्या पार्टीत, शाळेच्या बसची वाट बघताना एक वाक्य कितीदा तरी ऐकलंय. "घर सोडायचंय ना? एक महिना आधी सांगायचं, झालं." कोणी सांगितलं हे? "अहो, सगळीकडे तसंच असतं!"

नसतं. ही सवय आपण पुण्या-ठाण्याहून बॅगेत भरून आणलीये. तिथे अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, त्यात एक महिन्याच्या नोटिशीचं कलम. वेगळा करार नसेल आणि घर महिन्या-महिन्याच्या भाड्यावर असेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे तिकडे १५ दिवसांची नोटीससुद्धा पुरते.

इथे चालतं शाही फर्मान ६/८९. करार संपायच्या किमान तीन महिने आधी कळवायचं, नाहीतर करार तेवढ्याच मुदतीसाठी आपोआप पुढे सुरू. वर्षाचा करार असेल तर पुढचं अख्खं वर्ष. तुम्ही भाडं दर महिन्याला देता म्हणून करार महिन्याचा होत नाही.

मी हे शहाणपण विकत घेतलंय. आमचा रुवीचा करार ३० जूनला संपत होता. लेकीला घुब्र्याच्या शाळेत प्रवेश मिळाला, म्हणून तिकडे जायचं ठरलं. मे महिन्यात घरमालकाला व्हॉट्सॲप केलं, वर अंगठ्याची खूण आली, आम्ही खूश. जूनमध्ये त्यांनी शांतपणे करार पुढे ठेवला. नोटीस ३१ मार्चपर्यंत द्यायची होती. खूप विनवण्या केल्यावर डिपॉझिट आणि एका महिन्याचं भाडं यावर मिटलं. ६०० रियाल गेले. त्यात आमची सुट्टीची तिकिटं होती. त्या वर्षी आजी साताऱ्यात आंब्याच्या बरण्या भरून वाट बघत राहिली आणि आम्ही व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवलं.

घरमालकाला शिव्या घालाव्याशा वाटल्या. पण चूक कोणाची होती? सही आमची होती. वाचलं नव्हतं, तेही आम्हीच.

आता काही जण म्हणतील, "तीन महिने म्हणजे घरमालकांचीच सोय." थांबा. हा नियम दोघांनाही लागू आहे. जानेवारीत मुलांच्या परीक्षा तोंडावर असताना मालकाचा फोन येतो, "मुलाचं लग्न आहे, पुढच्या महिन्यात घर खाली करा." आपल्यातले किती जण निमूट खोकी बांधायला घेतात! तेव्हा हेच फर्मान तुमच्या बाजूने उभं असतं. नम्रपणे म्हणा, "तीन महिन्यांची नोटीस लागते, साहेब." आपल्या लेकरांच्या शाळेच्या वर्षाला यापेक्षा मोठी ढाल इथे नाही. आणि आपणच "एक महिना, एक महिना" करत तिला भोकं पाडतो.

खरी अडचण दुसरीकडे आहे. नोकरीची नोटीस ३० दिवसांची आणि घराची तीन महिन्यांची. नोकरी गेली की मधले दोन महिने खिशातून जातात, वर मालकाकडे पुढच्या तारखांचे चेक पडून असतात. इथे न वटलेला चेक पोलिसांपर्यंत जाऊ शकतो, हे विसरू नका. यावर उपाय एकच, आणि तो सही करण्याआधीचा. नोकरी सुटली किंवा बदली झाली तर एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येईल आणि उरलेले चेक परत मिळतील, असं करारात लिहून घ्या. सगळेच मालक मान्य करणार नाहीत. पण आपण विचारतच नाही! भाजीवाल्याशी शंभर बैसांसाठी घासाघीस करू आणि वर्षाच्या करारावर मान डोलावू?

शेअरिंगमध्ये राहणाऱ्यांनो, तुमचं तर त्याहून नाजूक आहे. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. "आपलाच माणूस आहे" म्हणून कागदाशिवाय लेकराबाळांसह एका खोलीत राहाल, तर तो आपलाच माणूस एका रात्रीत बाहेर काढेल तेव्हा हातात काय दाखवाल?

म्हणून आज रात्री मुलं झोपली की एवढं करा. करार शोधा. तो नगरपालिकेत नोंदवलेला आहे का बघा. संपायची तारीख बघा, तीन महिने मागे मोजा, मोबाइलमध्ये गजर लावा. अरबी मजकूर जाणकाराकडून वाचून घ्या, कारण वाद झाला तर तोच बघितला जातो. नोटीस कागदावर द्या आणि पोच घ्या. अंगठ्याच्या खुणेवर विसंबू नका. पुढचा करार जमलं तर मार्चअखेर संपेल असा करा, म्हणजे शाळेचं वर्ष आणि घराचं वर्ष एकत्र संपेल आणि नोटिशीची तारीख येईल ३१ डिसेंबर. लक्षात ठेवायलाही सोपी.

मुलांच्या शाळेची डायरी आपण रोज तपासतो. स्वतःच्या घराचा करार वर्षातून एकदा तरी वाचा.

तुमचा करार कधी संपतो? माहीत नसेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठीच होती.