खेळ थांबवू नका, गुडघा समजून घ्या

खो-खो, कबड्डीचा सराव वाढला की वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी गुडघा धरून बसते. घरी मग दोनच उत्तरे मिळतात: "वाढीचं दुखणं आहे, जाईल आपोआप," नाहीतर "उद्यापासून खेळ बंद." मुलगी असली तर दुसरे उत्तर लवकर येते आणि बंद पडलेला तिचा खेळ बहुधा बंदच राहतो. पालकहो, दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

साधारण १० ते १५ वर्षांच्या वयात, वाटीच्या खाली नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा दिसत असेल, तर तो बऱ्याचदा 'ऑसगुड-श्लाटर' असतो. १९०३ साली अमेरिकेतील ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधील श्लाटर या दोन डॉक्टरांनी वेगवेगळे त्याचे वर्णन केले. मांडीचा मोठा स्नायू जिथे नडगीला ओढतो, तिथले हाड या वयात अजून कोवळे असते. धावणे, उड्या, खाली बसून झटकन उठणे यांनी तिथे ताण येतो. सज्द्याला जाताना गुडघा टेकला तरी कळ येते. अशा वेळी जानमाजखाली जाड घडी ठेवावी. फारच दुखत असेल तर खुर्चीवर बसून नमाज पढण्याची सवलत आहे, हे मुलांना सांगावे.

चांगला फिजिओथेरपिस्ट दुखरी जागा दाबून थांबत नाही, तो हालचाल पाहतो. एका पायावर थोडे वाकताना, पायरी सावकाश उतरताना, उडी मारून थांबताना गुडघा आत झुकतो का? कंबर एका बाजूला पडते का? मूल दुखरा पाय वाचवते का? त्यावरून व्यायाम ठरतात.

सुरुवातीला उड्या आणि धावणे कमी करायचे. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, उताणे झोपून कंबर उचलणे यांनी मांडी आणि कुल्ह्याचे स्नायू बळकट करायचे. मग उठाबशा, पायऱ्या आणि शेवटी धाव व उडी. व्यायामात थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले तर चालेल. वाढले तर एक पायरी मागे यायचे. याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

मात्र रात्री झोपमोड करणारे दुखणे, ताप, सूज, गुडघा अडकणे किंवा लंगडणे दिसले तर आधी डॉक्टरांकडे जा. या वयात खुब्याचा आजारही गुडघ्यात दुखतो, म्हणून खुबाही तपासून घ्या.

हाडाची वाढ पूर्ण झाली की हे दुखणे बहुतेकांचे थांबते. तोवर मुलांना, विशेषतः मुलींना, मैदानापासून तोडू नका. थोडा कमी, पण खेळ चालू राहू द्या.