विलगीकरणाचा नियम आणि एका खोलीचे घर

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्या तीन वर्षांत निघालेली असंख्य परिपत्रके सरकारी फडताळात विसावली. त्यांतील बहुतेकांविषयी शोक करण्याचे कारण नाही. परंतु एका नियमाची धूळ झटकून तो पुन्हा वाचणे अगत्याचे आहे. घरातील लहान मुलाचा बाधित व्यक्तीशी संपर्क आला तर त्या घराने कसे वागावे, हा तो नियम. किंबहुना त्या नियमाची उणीव. या विषाणूने मुलांना मोठ्यांच्या मानाने पुष्कळच सौम्यपणे वागविले. त्यामुळे मुलांच्या विलगीकरणाचा स्वतंत्र विचार करण्याची निकड कोणालाच भासली नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये गृहविलगीकरणासंबंधी ज्या सूचना दिल्या, त्यांनुसार निकटसंपर्कातील व्यक्तीने चौदा दिवस हवेशीर, स्वतंत्र खोलीत राहावे, शक्य तर शौचालयही वेगळे असावे आणि घरातील वृद्ध, गरोदर स्त्रिया व मुले यांच्यापासून दूर राहावे, असे अपेक्षित होते. येथे मूल अवतरते ते ज्याच्यापासून दूर राहायचे अशी व्यक्ती म्हणून. संपर्कात आलेली व्यक्ती हीच चार वर्षांची असू शकते, ही शक्यता मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात डोकावलेली दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाला चौदा दिवस स्वतंत्र खोलीत ठेवायचे म्हणजे त्याला भरवायचे कोणी, धुवायचे कोणी, रात्री दचकून उठले तर थोपटायचे कोणी? पुढे जून २०२१ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मुखपट्टी बांधू नये, असे आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले, आणि ते योग्यच होते. मात्र त्यामुळे अशा मुलाजवळ जो बसेल, तोही त्याच्यासोबत विलग झाला असे मानण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मुलाचे विलगीकरण हे एकट्याचे कधीच नसते. ते दोघांचे असते, आणि बहुधा दुसरी व्यक्ती आई असते.

खोलीचा प्रश्न याहून बिकट. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. बृहन्मुंबईच्या लोकसंख्येत झोपडपट्टीवासीयांचे प्रमाण तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक होते. जेथे शौचालय वस्तीला मिळून असते, तेथे ‘स्वतंत्र शौचालय’ हे शब्द उच्चारणेही थट्टेचे ठरावे. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळल्यानंतर मुंबई महापालिकेने हे वास्तव लवकर ओळखले आणि संपर्कातील लोकांना शाळा, सभागृहे यांतून हलविले. त्या निर्णयाचे श्रेय तिला दिले पाहिजे. मे २०२१ मध्ये राज्य शासनाने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरणच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामागेही घरात रोग घरभर होतो हाच अनुभव होता. परंतु प्रौढाला सभागृहात नेणे वेगळे आणि मुलाला नेणे वेगळे. मुलाबरोबर आई गेली तर मागे राहिलेल्या भावंडांचे काय, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपापले शोधावे, असाच खाक्या राहिला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरे धुंडाळून माणसे उचलली गेली, त्या जुलमाशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तथापि घर फोडले जाण्याची धास्ती या प्रांताच्या स्मृतीत किती खोल आहे, हे जाणूनच अशा उपायांची आखणी व्हावयास हवी.

इंग्लंडमध्ये घरे मोठी आणि नियम काटेकोर. वर्गातील एखादे मूल बाधित निघाले की त्याच्या संपर्कातील मुलाने प्रथम चौदा आणि १४ डिसेंबर २०२० पासून दहा दिवस घरी राहायचे. घरातील इतरांवर मात्र, मुलाला लक्षणे नसतील तर, कसलेच बंधन नाही. कागदावर हे तर्कशुद्ध दिसते. प्रत्यक्षात सहा वर्षांचे मूल घरी आणि आईबाप कामावर, हे कसे जमावे? २८ सप्टेंबर २०२० पासून हा नियम मोडणाऱ्यास दंडाची तरतूद झाली आणि त्याच दिवशी अल्प उत्पन्न असणाऱ्यांसाठी ५०० पौंडांचे साहाय्यही सुरू झाले. परंतु मुलासाठी घरी बसणाऱ्या पालकाला ते नियमाने मिळू लागले ८ मार्च २०२१ पासून. संपन्न आणि कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्यालाही, मुलाच्या विलगीकरणाची किंमत पालकाच्या मजुरीतून वसूल होते, हे उमगायला पाच महिने लागले.

भारतात हे ज्ञान जुनेच आहे, ही यातील खरी गंमत. सरकारी नोकरांच्या जुन्या सेवानियमांत ‘क्वारंटाइन लीव्ह’ नावाची रजा होती. घरात सांसर्गिक रोग शिरला तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर कर्मचाऱ्याला २१ दिवस, अपवादात्मक परिस्थितीत ३० दिवस, कचेरीत न येण्याची मुभा मिळे आणि पगार चालू राही. ब्रिटिश अमदानीतील हा नियम कनवाळूपणातून आला असे समजण्याचे कारण नाही. हेतू कचेरी वाचविण्याचा होता. पण त्यामागील हिशेब अचूक होता. ज्याचा पगार कापला जाईल, तो रोग लपवील. धुणीभांडी करणारी स्त्री, नाक्यावरचा मजूर किंवा रिक्षाचालक यांच्या बाबतीत हा हिशेब अधिकच खरा ठरतो. मुलाच्या संपर्काची बातमी दिली तर दोन आठवड्यांची चूल विझते; मग बातमी कोण देईल? अशा माणसाला बेजबाबदार म्हणणे सोपे असते, विशेषतः ज्यांचा पगार महिनाअखेर बँकेत जमा होतो त्यांना.

कोविड आता पूर्वीसारखा उरलेला नाही, तेव्हा ही चर्चा कालबाह्य आहे, असा आक्षेप येईल. २०२२ च्या उत्तरार्धात गोवंडीत गोवराची साथ आली आणि मुले दगावली. गोवराचा रोगी पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग पसरवितो. आणि गोवंडीतील घरे धारावीतल्याहून मोठी नाहीत. लसीकरण हाच त्यावरचा मुख्य उपाय, हे खरे. पण लस न मिळालेले तान्हे भावंड त्याच खोलीत झोपते, तेथे खाटा किती अंतरावर असाव्यात हे सांगणारे परिपत्रक कुचकामी ठरते.

नियम करायचा तर तो कुटुंबाला धरून करावा लागेल: मुलाजवळ राहणारी एक व्यक्ती ठरवून तिला मुलाइतक्याच दिवसांसाठी विलग मानणे, तेवढ्या दिवसांची मजुरी व शिधा घरपोच देणे, आणि जागा नसेल तेथे मायलेकरांना वस्तीपासून दूर न नेता एकत्र ठेवणे. यांतील एकही गोष्ट राज्याच्या आवाक्याबाहेरची नाही. १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कठोर शिक्षेची तरतूद तीत आहे आणि ती आवश्यकच होती. सरकारच्या आज्ञेने घरी बसणाऱ्याच्या मजुरीविषयी तीत एक शब्दही नाही.