परक्या घरचे वर्ष

शाळेत शिकत असलेल्या मुलाला वा मुलीला एक वर्ष परदेशी धाडावे की नाही, हा प्रश्न हल्ली आपल्या बडोद्यातील मराठी घरांतही निघू लागला आहे. प्रथा नवी नव्हे. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ ही संस्था 1947 पासून हे काम करीत आली आहे, रोटरीही करते. पंधरा ते अठरा वर्षांचे मूल परदेशातील एखाद्या कुटुंबात राहते आणि तेथल्याच शाळेत जाते. त्याला ठेवून घेणारे कुटुंब बहुधा त्याचा मोबदला घेत नाही.

माझ्याकडे गाणे शिकणारी सोळा वर्षांची एक मुलगी अशीच जर्मनीतील एका लहान गावी गेली. तिच्या वडिलांनी सल्ला विचारला, तेव्हा मी साफ ‘नको’ म्हटले. माझे वडील 1949 पर्यंत संस्थानचे गवई होते. मी त्यांचे उतारवयातले मूल. रियाज चुकवणे हे पाप, असे बाळकडू घेऊनच वाढलेलो. गळा तयार होण्याच्या वयात वर्षभर खंड पडला तर सारे मुसळ केरात, असे माझे मत होते. मुलगी गेलीच. माझा सल्ला चुकला, हे कबूल करण्यासाठी आज लिहीत आहे.

तिकडे पहिल्याच आठवड्यात तिने पहाटे खर्ज लावला. घरच्या बाई दार वाजवून आत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शेजाऱ्यांच्या कानी काही जाता कामा नये. रविवारीही आवाज बेताचाच हवा. मुलगी रडली. पुढे शाळा सुटल्यावर तेथल्या संगीताच्या खोलीत बसू लागली. या बाईंना नावाने आणि ‘तू’ म्हणून हाक मारायची होती. आपल्याकडच्या मुलीच्या तोंडून ते कसे निघावे? पंधरा दिवस ती हाक न मारता नुसती समोर जाऊन उभी राही.

शाळेत ती वृंदगानात गेली. आपल्याकडे ज्याचा त्याचा षड्ज वेगळा. हिची काळी चार. तेथे 440 कंपनांचा एक सूर सर्वांनी मानायचा आणि आपला आवाज इतरांच्या आवाजात असा मिसळायचा, की तो निराळा ऐकू येऊ नये. जो गळा उठून दिसावा म्हणून मी चार वर्षे झटलो, तो लपवायला ती शिकत होती!

ती परत आली. नातेवाइकांनी विचारले, थंडी किती होती आणि आणलेस काय? गुरुपौर्णिमेला गायला बसली तेव्हा ताना अडखळल्या. मी सर्वांसमक्ष बोलून गेलो, “वर्ष वाया घालवलंस.” ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात शिकवणीच्या वेळी हळूच म्हणाली, “सर, पंचमाची तार उतरली आहे.” खरोखरच उतरली होती, आणि मला कळले नव्हते. ताना सहा महिन्यांत परत आल्या. तो कान मी तिला दिलेला नव्हता.

तोटे नाहीत असे नाही. खर्च मोठा आहे. हिला अकरावीला पुन्हा बसावे लागले. एखाद्या मुलाचे त्या घराशी जमतही नाही. म्हणून मुलाची स्वतःची ओढ असेल तरच धाडावे, चारचौघांत सांगता यावे म्हणून धाडू नये.

पण माझे खरे म्हणणे पुढेच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या जर्मन बाईंनी आपल्या मुलीला वर्षभराचा वार दिला. आपण कोणाला देणार?

धाडण्याची रीत आपल्या गावाला आहे. सयाजीराव महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठविले. 1917 साली ते संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा याच गावात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. त्या अन्यायाची बरोबरी दुसऱ्या कशाशी करू नये. परंतु एवढे त्यातून शिकावे, की धाडायला एक राजा पुरतो; घरात घ्यायला मात्र सारे गाव लागते.

दांडिया बाजारातील कित्येक घरांत आज मुले बाहेरगावी गेल्यामुळे खोल्या बंद आहेत. त्यांतली एखादी परक्या मुलासाठी उघडावी. तो चुकीच्या वेळी शिट्टी वाजवील, आजीला ‘तू’ म्हणेल, आमटीत साखर का, असे विचारील. दार वाजवून त्याला शांतपणे समजावता आले, म्हणजे आपले ऋण थोडे तरी फिटेल. माझ्या घरची माडीवरची खोली मी झाडून ठेवली आहे.