दारी येणारे भावोजी आणि आपली पालक-सभा





माझे संपूर्ण शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरची भाषा मराठी असली तरी मराठीत लेख लिहायचा म्हटले की अजूनही हात अडखळतो. भाषेत चूक आढळली तर ती माझी समजावी, विषय मात्र आपल्या सर्वांचा आहे.

विश्वस्त मंडळाच्या मागच्या बैठकीत यंदाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाबद्दल एक सूचना आली. मातांसाठी पैठणीचा खेळ ठेवावा, त्यासाठी नागपूरहून एखादा नावाजलेला सूत्रसंचालक बोलवावा आणि जिंकणाऱ्या मातेला मंचावर पैठणी द्यावी. सूचना चांगल्या भावनेने आली होती, आणि मातांची गर्दी होईल यातही शंका नाही. तरी मी त्या दिवशी लगेच होकार दिला नाही. "विचार करून सांगतो" एवढेच म्हणालो. तो विचार आज या पानावर मांडत आहे.

पैठणीचा खेळ म्हटला की एकच नाव डोळ्यांसमोर येते, ते म्हणजे श्री. आदेश बांदेकर. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ते केवळ आईच्या तोंडून ऐकलेले "भावोजी" म्हणून माहीत असतील, म्हणून थोडा परिचय देतो.

बांदेकरांचा जन्म १९६६ सालचा. अभिनयाची आवड होती, पण त्यांची खरी ओळख झाली ती सूत्रसंचालक म्हणून. दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांत 'ताक धिना धिन' नावाचा गाण्यांचा खेळ असे. त्याचे सूत्रसंचालन ते करीत. तेव्हा मराठीत दूरचित्रवाणीवरचे खेळ फार थोडे होते. इंग्रजीत सिद्धार्थ बसू यांचे 'क्विझ टाइम' १९८५ मध्ये दूरदर्शनवर आले होते. १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'अंताक्षरी' सुरू झाली. तिचे सूत्रधार अन्नू कपूर हे आपल्याच मध्य प्रदेशातील भोपाळचे. पुढे ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' आले आणि प्रश्नोत्तराचा खेळ घराघरांत पोहोचला.

या सर्व कार्यक्रमांत एक गोष्ट सारखी होती. स्पर्धकाला स्टुडिओत जावे लागे. तिथे झगमगते दिवे, उंच खुर्ची, समोर मोठा माणूस. सामान्य माणसाची जीभ तिथेच टाळूला चिकटायची.

सप्टेंबर २००४ मध्ये, तेव्हा अल्फा मराठी आणि नंतर झी मराठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीवर 'होम मिनिस्टर' सुरू झाले. या कार्यक्रमाने रीतच उलटी केली. स्पर्धकाला बोलवायचे नाही, आपणच तिच्या घरी जायचे. चाळीतली खोली असो की बंगला, बांदेकर दारात उभे राहत आणि घरातली बाई वहिनी होई. सासू, नवरा, मुले, शेजारी भोवती बसत. आधी गप्पा होत. लग्न कसे जमले, स्वयंपाकात काय छान जमते, नवऱ्याची कोणती सवय आवडत नाही. मग उखाणा, मग छोटे छोटे खेळ आणि शेवटी पैठणी. हा कार्यक्रम सुमारे अठरा वर्षे चालला. २०२० च्या टाळेबंदीत कोणाच्या घरी जाणे शक्य नव्हते, तेव्हाही तो घरच्या घरी या रूपात सुरू राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने निरोप घेतला.

मधल्या काळात बांदेकरांनी इतरही वाटा चालून पाहिल्या. २००९ मध्ये मुंबईतील माहीम मतदारसंघातून विधानसभेची निवडणूक लढवली, तिथे यश आले नाही. २०१७ ते २०२३ या काळात ते मुंबईच्या श्री सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष होते. त्यांच्या पत्नी सुचित्रा बांदेकर या स्वतः अभिनेत्री, आणि दोघांच्या निर्मितीसंस्थेची 'ठरलं तर मग' ही मालिका डिसेंबर २०२२ पासून घरोघर पाहिली गेली. पण माणसांच्या मनात राहिले ते भावोजीच.

असे का झाले असावे, यावर मी बराच विचार केला. मला वाटते, याचे उत्तर त्या एका नात्यात आहे. परका पुरुष घरात येऊन सुनेशी हसतखेळत बोलतो आणि सासू शेजारी बसून हसते, ही गोष्ट आपल्या समाजात सोपी नाही. पण दिराला वहिनीची थट्टा करण्याचा मान आपल्याकडे पूर्वीपासून आहे. बांदेकरांनी तेच नाते घेतले, त्यामुळे सासूलाही अवघड वाटले नाही आणि सुनेचीही भीड गेली. दुसरी गोष्ट, त्यांनी वहिनीची भाषा सुधारायचा प्रयत्न केला नाही. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी बोली घरात होती तीच पडद्यावर आली. तिसरी गोष्ट, प्रश्न विचारल्यावर ते उत्तराची वाट पाहत. आम्हा शिक्षकांना हे तिसरे सर्वांत कठीण जाते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या कार्यक्रमावर टीका झाली आणि ती सर्व खोटी नव्हती. बाईला गृहमंत्री म्हणायचे, पण तिचे राज्य चूल आणि चौकटीपुरतेच ठेवायचे, हा मान कसला, असे अनेक सुशिक्षित भगिनींनी विचारले. २०२२ मध्ये 'महामिनिस्टर' या पर्वात ११ लाख रुपयांची पैठणी ठेवली गेली, तेव्हा तर मलाही वाईट वाटले. साध्या पैठणीत जो घरचा आहेर होता, तो एवढ्या मोठ्या आकड्यात हरवला. लोक वहिनीबद्दल कमी आणि साडीच्या किमतीबद्दल जास्त बोलू लागले. आणि गावोगावी, गणेशोत्सवापासून निवडणुकीपर्यंत, या खेळाच्या ज्या नकला झाल्या, त्यांत बहुधा पैठणी तेवढी उचलली गेली. दारापर्यंत जाणे आणि ऐकून घेणे मागे राहिले.

येथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या एका विद्यार्थ्याची उपस्थिती फार कमी होती. मी पालक-सभा बोलावली. मी टेबलाच्या मागे, पालक समोरच्या बाकांवर. आमची सभा नेहमीप्रमाणे हिंदीत चालली होती. त्या मुलाची आई आली होती. मी विचारले, मुलगा शाळेत का येत नाही? ती खाली पाहत राहिली. शेवटी "साइन कुठं करू?" एवढेच बोलली आणि निघून गेली. मी रजिस्टरमध्ये "पालक उदासीन" असा शेरा लिहिला. दुसऱ्या दिवशी मुलाला वर्गासमोर बेजबाबदार म्हटले.

त्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या शिक्षिकांनी मातांचे छोटे खेळ ठेवले. बक्षीस म्हणजे स्टीलची वाटी. तिथे तीच आई उठली, उखाणा घेतला, माइक हातात धरून पाच मिनिटे बोलली आणि सर्वांना हसवले. मी चकित झालो. कार्यक्रम संपल्यावर जवळ जाऊन नमस्कार केला. ती म्हणाली, "सर, तुमची हिंदी मले समजते, पन तुमच्या टेबलासमोर बोलाले भेव वाटते." मग तिने सांगितले की नवरा आजारी आहे. बाजाराच्या दिवशी भाजीच्या दुकानावर मुलगा बसतो, तेव्हा घरात पैसा येतो.

घरचा आधार झालेल्या त्या मुलाला मी बेजबाबदार म्हटले होते. त्याची माफी मी नंतर मागितली, वर्गासमोरच मागितली. पण तो शेरा माझ्या मनातून अजून पुसला गेलेला नाही. ती आई उदासीन नव्हती. मी तिला विचारले, पण ती बोलू शकेल अशा जागी आणि अशा भाषेत विचारले नाही.

आपल्या रामाकोना-सौंसर भागात ही अडचण अधिक आहे. १९५६ पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती, मग ती भोपाळला गेली. शाळा, कचेरी, बँक यांची भाषा हिंदी झाली आणि घर, शेत, देऊळ यांची मराठी राहिली. मला हिंदीबद्दल तक्रार नाही, तिनेच मला भाकरी दिली. पण जी आई शेतात मजुरांचा हिशोब तोंडपाठ सांगते, ती शाळेच्या दारात मुकी होते, तेव्हा दोष तिचा नाही.

ज्ञान कोणाकडे असते याचे एक मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील आहे. अंजनगाव सुर्जी येथील सौ. बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवीत. मानधन महिना १५०० रुपये. २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त त्यांनी एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत रोज किती शिक्षक त्यांच्या हातची खिचडी वाढताना पाहत असतील! त्यांना किती ठाऊक आहे, हे देशाला कळण्यासाठी कोणीतरी समोर बसून प्रश्न विचारावा लागला. आपल्या शाळेत मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या भगिनींना आपण शेवटचा प्रश्न कोणता विचारला? "आज भाजी काय?" याहून दुसरा मला आठवत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. मातांचा खेळ जरूर ठेवावा, पण पैठणी आणि नागपूरचा सूत्रसंचालक यांवर होणारा खर्च टाळावा. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली, स्नेहसंमेलनाच्या आधी प्रत्येक वर्गशिक्षकाने दोन विद्यार्थ्यांसह आपल्या वर्गातील प्रत्येक घरी एकदा जावे. संध्याकाळी, शेतातून माणसे परतल्यावर. हातात रजिस्टर नसावे. चहा दिला तर घ्यावा आणि घरच्या भाषेत बोलावे. सुरुवात मी स्वतः करीन.

दुसरी, मंचावरचे सूत्रसंचालन आपल्याच विद्यार्थ्यांनी करावे, मराठीत आणि हिंदीत. माइक हातात घेऊन समोरच्याला बोलते करणे ही विद्या आहे, ती पैसे देऊन बाहेरून का आणायची?

तिसरी, खेळातले प्रश्न मातांच्या अनुभवातले असावेत. कापूस, संत्री, बी-बियाणे, सणवार, घरचा हिशोब. बक्षीस म्हणून जिंकणाऱ्या मातेच्या मुलांना वर्षभराच्या वह्या द्याव्यात. आणि साडीचा आहेर करायचाच असेल, तर तो आपल्या शाळेत अन्न शिजवणाऱ्या भगिनींना सर्वांसमोर, सन्मानाने करावा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांना सूत्रसंचालन करायचे आहे त्यांनी आपापल्या वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. एकच तयारी करून यावे. आज रात्री जेवताना आईला एक असा प्रश्न विचारा जो तुम्ही आजवर कधी विचारला नाही, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. तिने काय सांगितले ते दोन ओळींत लिहून आणा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, चूक झाली तरी चालेल. तुमच्या प्राचार्यांच्याही चुका होतात, हे आता तुम्हाला ठाऊक आहेच.

मातांनो, कोणत्या घरी कोणत्या दिवशी यायचे, हे वर्गशिक्षक मुलांकडून विचारून घेतील. आम्ही येऊ. त्या दिवशी टेबल नसेल.

आपला विनम्र,
प्राचार्य