फक्त गोड खायला येऊ का?

आपल्या शहरात मोठी हॉटेले काही काल-परवा आलेली नाहीत. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या निमित्ताने जालना रस्त्यावर ‘रामा इंटरनॅशनल’ उभे राहिले, रौझा बागेत ताज समूहाचे हॉटेल आले. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग इतर कारखाने आले आणि साहेबमंडळींच्या मुक्कामाची सोय म्हणून आणखी हॉटेलांची भर पडली. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. तेव्हा तर साऱ्या देशाने या शहराकडे, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादकडे, वळून पाहिले. एवढे सगळे खरे. पण सिडको-हडकोतल्या, गारखेड्यातल्या, समर्थनगरातल्या कितीतरी कुटुंबांनी या हॉटेलांची दारे आजवर स्कूटरवरून जाता जाताच पाहिली आहेत.

कारण उघड आहे. चौघांच्या एका जेवणात महिन्याचा किराणा निघेल, असा हिशेब घरात कोणीतरी मांडतेच आणि बेत तिथेच मोडतो. अशा वेळी घरातली कॉलेजात जाणारी मुलगी एक तोड सुचवते. ती म्हणते, “आपण जेवण घरीच करू आणि तिथे फक्त गोड खायला जाऊ.” बापाच्या कपाळाला आठी पडते. “एवढ्या मोठ्या हॉटेलात नुसते गोड मागायचे? लोक काय म्हणतील?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आज त्यावर थोडे बोलावेसे वाटते. माझे मत आधीच सांगून टाकतो. नुसते गोड खायला जाण्यात कसलाही कमीपणा नाही. कमीपणा झालाच तर तो आपल्या वागण्याने होईल, बिलाच्या आकड्याने नव्हे.

आपल्याला हे अवघड का वाटते? एक कारण आपल्या ताटात आहे. मराठी जेवणात गोड शेवटी येत नाही. श्रीखंड असो की पुरणपोळी, ती वरणभाताच्या शेजारी पहिल्यापासून ताटात मांडलेली असते. साहेबाचे ‘डेझर्ट’ मात्र टेबल आवरल्यानंतर येते. त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच मुळी वाढलेले उचलून घेणे असा आहे. साहजिकच ताटातले बाकीचे काही न घेता नुसती एक वाटी मागणे आपल्याला पंगतीत बसून फक्त जिलबी उचलण्यासारखे वाटते.

पण थोडे आठवून पाहा. नुसते गोड खायला लोकांच्या घरी जाणे आपल्याला काय नवीन आहे? दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, नवीन बाळाचे पेढे, ही सगळी जेवणाविनाची आमंत्रणेच आहेत. आणि आपल्या शहरापुरते बोलायचे तर रमजान ईदचा शीरखुर्मा कसा विसरता येईल? शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. ईदच्या दिवशी शहागंज, रोशनगेट, किराडपुरा या भागांत ऑफिसातल्या मित्राकडे, मुलाच्या सरांकडे, जुन्या शेजाऱ्याकडे आपण जातो ते या एका वाटीसाठीच. तिथे कसे वागायचे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. सकाळच्या नमाजची वेळ टाळून जायचे. घरच्या वडीलधाऱ्यांची विचारपूस करायची. वाटी हातात आली की मनापासून खायची. मागून दुसरे पाहुणे दारात उभे असतात, तेव्हा वेळेवर उठायचे. लहान मुलांच्या हातावर ईदी ठेवायची. त्या घरी जेवलो नाही म्हणून आपण हलके ठरत नाही आणि यजमानही आपली किंमत किती वाट्या खाल्ल्या यावर करत नाहीत.

दुसरे उदाहरण रात्रीच्या पानाचे. घरी जेवून तारा पान सेंटरवर जाणारी कुटुंबे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यात कधीतरी आपणही असतो. तिथल्या पाच हजारांच्या ‘कोहिनूर’ पानाच्या बातम्या देशभर छापून आल्या. पण त्याच दुकानात साधे मसाला पान घेणाऱ्याला कोणी ‘जेवलात कुठे?’ असे विचारत नाही. मग काचेच्या दाराआड गेल्यावरच आपली जीभ का अडखळावी?

आता हॉटेलवाल्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे, कारण शिष्टाचाराची खरी मेख तिथे आहे. हॉटेल विकते ते नुसते पदार्थ नव्हेत, टेबलाची वेळही विकते. शनिवारी रात्री साडेआठला चौघांचे टेबल रिकामे असेल तर त्यावर जेवणारे कुटुंब बसू शकते. त्या जागी दोन आइस्क्रीमवर दीड तास गप्पा मारत बसणे हा त्याचा सरळ तोटा आहे. उलट दुपारी चार वाजता किंवा रात्री दहानंतर तेच टेबल ओस पडलेले असते. गोड पदार्थ करणारा विभागही बहुधा वेगळा असतो आणि त्यातले पुष्कळसे पदार्थ आधीच तयार करून ठेवलेले असतात. तेव्हा अवेळी आलेला गोडाचा पाहुणा स्वयंपाकघराला ओझे होत नाही, उलट चार पैसे देऊनच जातो.

यावरून बहुतेक सगळे नियम आपोआप निघतात. निघण्यापूर्वी एक फोन करावा आणि स्पष्ट विचारावे, “आम्ही चौघे आहोत, फक्त गोड घ्यायला यायचे आहे, किती वाजता आलो तर सोयीचे होईल?” यात लाजण्यासारखे काही नाही. दारात गेल्यावरही हेच आधी सांगावे. जेवणाचे मेनूकार्ड घेऊन, दहा मिनिटे चाळून, मग ‘आज भूक नाही’ असा आव आणण्याची काही गरज नाही. वाढणाऱ्याला ते पहिल्या मिनिटाला कळलेले असते. कॉफी शॉप किंवा लाउंज असेल तर तिथे बसायला सांगितले तरी अपमान मानू नये. दोघांत एक बशी घेतली तर बिघडत नाही, पण सहाजणांत एक बशी आणि सहा चमचे हा प्रकार टाळावा. घरून आणलेला केक पिशवीतून बाहेर काढायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. साधे पाणी हवे असेल तर साधेच मागावे. संकोचापोटी बाटली फोडू दिली की गोडाइतकाच खर्च कधीकधी पाण्यावर होतो. आणि अर्ध्या-पाऊण तासात उठावे.

कपड्यांची फार चिंता नको. स्वच्छ, इस्त्रीचा सदरा आणि घरातली चांगली साडी कुठल्याही झुंबराखाली शोभते. शोभत नाही ते चुटक्या वाजवून वाढणाऱ्याला बोलावणे. ट्रे घेऊन समोर उभा असलेला मुलगा कन्नडचा किंवा पैठणचा असू शकतो, आपल्याच गल्लीतून हॉटेल मॅनेजमेंटला गेलेलाही असू शकतो. ‘अहो’ किंवा ‘दादा’ म्हटल्याने आपल्या तोंडचे गोड कमी होत नाही.

पैशाचेही रोखठोक बोलू. ज्या हॉटेलात एखाद्या खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजारांच्या वर जाते, तिथल्या उपाहारगृहात १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. म्हणजे समजा एक बशी ४०० रुपयांची असेल, तर तिचे ४७२ होतात. हे घरून निघतानाच धरून चालावे, म्हणजे बिल आल्यावर चेहरे उतरत नाहीत. सेवाशुल्क मात्र सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पण सेवाशुल्क काढायला लावून बक्षिशीलाही हात आखडता घेणे बरे नव्हे. इथे टक्केवारी उपयोगाची नाही. बिल लहान असले तरी पाणी आणणे, बशा मांडणे, टेबल पुसणे हे काम तेवढेच असते. म्हणून जेवणाऱ्यापेक्षा थोडी अधिक टक्के बक्षिशी ठेवावी. रकमेने ती तरीही लहानच राहते.

यावर एक आक्षेप हमखास येईल. ‘एवढ्या पैशांत गुलमंडीवरून किलोभर मिठाई घरी येईल, सगळी गल्ली खाईल.’ हिशेब चोख आहे. पण आपण तिथे नुसती साखर विकत घ्यायला जात नाही. ज्या घरात आईने तीस वर्षे सगळ्यांना वाढून शेवटी स्वतःचे पान घेतले, तिथे अर्धा तास तिला कोणीतरी अदबीने वाढावे, याचीही काही किंमत असते. पूर्ण जेवणाला नेले तर ती मेनूकार्डाची उजवी बाजूच वाचत बसते, ‘मला भूकच नाही’ म्हणते आणि सगळ्यांत स्वस्त पदार्थ मागते. नुसत्या गोडाला नेले तर आकडा आधीच ठरलेला असतो आणि मग ती खुर्चीला टेकून बसते. हे टेकून बसणे किलोच्या भावात मिळत नाही.

शेवटी दोन शब्द हॉटेलवाल्यांसाठी. शिष्टाचार एकट्या गिऱ्हाइकाने पाळायचा नसतो. टेबले रिकामी असताना ‘फक्त गोड मिळणार नाही’ म्हणणे, किंवा आधी चपलांकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहणे, हा उद्धटपणाच आहे, मग तो कितीही कडक इस्त्रीच्या गणवेशात असो. व्हिएन्नातल्या ‘साखर’ या बड्या हॉटेलाची जगभर कीर्ती झाली ती एका चॉकलेट केकमुळे. १८३२ मध्ये फ्रान्झ साखरने तो केक प्रथम केला असे सांगतात. त्याच्या नावावरून दुसऱ्या एका दुकानाशी अनेक वर्षे कोर्टकचेरी चालली. आजही तिथे नुसता तो केक खायला लोक येतात आणि त्यांचे स्वागत होते. आपल्याकडे काय कमी आहे? बीडचे सीताफळ, जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केशर आंबा या तिघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. निजामी काळापासून चालत आलेला खुबानी का मीठा आणि डबल का मीठा आहे. दुपारी तीन ते सहा ‘फक्त गोड’ अशी एक पाटी दारात लावली आणि या पदार्थांना त्यात मानाची जागा दिली, तर ओस पडलेली टेबले भरतील आणि बाहेरून दार पाहणारी कुटुंबे आत येतील. आज वाटीभर सीताफळ रबडीसाठी आलेली मुलगी उद्या पहिल्या पगाराच्या दिवशी आईवडिलांना जेवायला कुठे नेईल, याचा अंदाज बांधायला हॉटेल मॅनेजमेंटची पदवी लागत नाही.

तोवर आपण पाटीची वाट पाहायचे कारण नाही. घरी पिठले-भाकरी पोटभर खावी, एक फोन करावा आणि विचारावे, फक्त गोड खायला येऊ का? बहुतेक ठिकाणी ‘या’ असेच उत्तर मिळेल. एखाद्या ठिकाणी ‘नाही’ म्हणाले, तर फोन ठेवून दुसरीकडे विचारावे. त्यात आपले काहीच गेलेले नसते.