धावपट्टी लांबवून खान्देशाचा अनुशेष भरत नाही

जळगावच्या विमानतळाची धावपट्टी लांबवा, धुळ्याजवळच्या गोंदूरला प्रवासी विमाने उतरवा, या मागण्या खान्देशात अधूनमधून उठतात आणि त्यांना विरोध करायला सहसा कुणी धजत नाही. त्यामागची भावना खोटी नाही. पाडळसरे धरणाची वाट पाहता पाहता अमळनेर तालुक्यात एक पिढी म्हातारी झाली. अशा मुलखाला आपल्या वाट्याचे कुणीतरी पळवले असे वाटणारच. पण अनुशेष पाण्याचा आणि रेल्वेचा असताना तो विमानांनी भरून काढायचा, हा हिशेब मुळातच चुकतो, आणि त्याची वसुली शेवटी आपल्याच शेतातून होते.

आधी उन्हाचेच पाहू. तापलेली हवा विरळ असते. तिच्यात विमानाच्या पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून धावपट्टी आखताना तिथले तापमान प्रमाणित तापमानाहून जितके अंश जास्त, तितके टक्के लांबी वाढवावी असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मे महिन्यात चाळिशी ओलांडून तापणाऱ्या जळगावला या हिशेबाने पाव पटीहून जास्त लांबी लागते. म्हणजे ऊन वाढेल तशी धावपट्टीही वाढवायची, तिच्यावर इंधन जाळणारी मोठी विमाने आणायची आणि त्या इंधनाने ऊन आणखी वाढवायचे. हेच ऊन केळीचे घड करपवते, कापसाची पाती गळवते. केळीबागेचा मालक आणि विमानाचा नित्याचा प्रवासी एकच असता तर हा त्याचा खासगी सौदा म्हणून सोडून देता आला असता. तसे नाही. २०१८ साली जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनाला केवळ एक टक्का लोक कारणीभूत होते, असा संशोधकांचा अंदाज आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास, त्यात जळगावचे सत्तर आसनी एटीआर विमान ते काय? पंख्यांचे हे विमान जेटपेक्षा कमी इंधन पिते, हे मान्यच. पण धावपट्टी लांबवायची ती एटीआरसाठी नव्हे, जेटसाठी. उंचावरून जाणाऱ्या जेटमागे उमटणाऱ्या ढगांच्या रेघा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे धरली, तर तापमानवाढीतला विमानांचा वाटा अडीच टक्क्यांवर थांबत नाही. शिवाय वीज, मोटारी, चुली यांना पर्याय सापडत आहेत. मोठ्या विमानाला अजून नाही. हरित इंधनाचा गाजावाजा खूप, पण २०२४ साली जगाच्या एकूण विमान इंधनात ते अर्धा टक्कासुद्धा नव्हते. दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. पाश्चात्त्यांनी शंभर वर्षे धूर सोडला, आता आम्हीच का थांबायचे? त्यांनी आधी आणि जास्त थांबावे, यात वादच नाही. मात्र या न्यायाने गरिबाच्या नावावर मागितलेली सवलत इथे वापरतो कोण? २०२३च्या अर्थसंकल्पात राज्याने मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. त्याचा लाभ अमळनेरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणाऱ्याला होत नाही.

आणि विमान आले की विकास येतो, हे तरी खरे का? जळगाव विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. ‘उडान’ या सरकारी भरपाईवर चालणाऱ्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतले विमान आले ते डिसेंबर २०१७मध्ये. ते बंद पडले. २०१९मध्ये दुसऱ्या कंपनीने सेवा सुरू केली, तीही टिकली नाही. २०२४मध्ये पुन्हा नव्याने आरंभ. हे जळगावचेच दुर्दैव नव्हे. महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत ‘उडान’चे ७७४ मार्ग दिले गेले, त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत आणि सवलतीची मुदत संपल्यावर तगले अवघे ५४. केळीच्या निर्यातीचे नाव घेतले जाते, पण केळी विमानाने जात नाही. आखाताकडे ती शीतपेटीतून जहाजाने जाते आणि उत्तरेला सावदा-रावेरहून मालगाडीने.

मग मागायचे काय? सुरत-अमळनेर लोहमार्ग ताप्ती व्हॅली रेल्वेने सव्वाशे वर्षांपूर्वी टाकला. आज तो भुसावळपर्यंत जातो, दुहेरी आहे, विजेवर चालतो. त्यावरून मुंबईला जाणारी खान्देश एक्सप्रेस रोजची करा, ही मागणी धावपट्टीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर २०२४मध्ये १८,०३६ कोटींची मंजुरी मिळाली. धुळे-शिरपूरला त्याचा पाठपुरावा हवा. रेल्वेची वीजही दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रातल्या कोळशाचीच, असे कुणी म्हणेल. आज बव्हंशी खरे आहे. तरीही शेकडो प्रवासी ओढणाऱ्या गाडीत माणशी धूर विमानाच्या मानाने फारच थोडा पडतो, आणि वीज सौर झाली की गाडी न बदलता तोही उतरतो. जळगावचा विमानतळ मोडा असे म्हणणे नाही. रुग्णासाठी, आपत्तीसाठी आहे तेवढी धावपट्टी राहू द्या. जमीन संपादून ती वाढवणे आणि रिकाम्या आसनांची भरपाई करणे, एवढे मात्र थांबवा.